उझबेक विकिपीडियावर लेखस्पर्धा भरवायची असेल तर: पोस्टर सगळ्यात शेवटी

बहुतेक लेखस्पर्धा पोस्टरपासून सुरू होतात आणि तिथंच फसतात. टेलिग्रामवर रंगीत चित्र झळकतं, पहिलं बक्षीस लॅपटॉप असल्याचं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, चार दिवसांत शे-दीडशे नावं येतात. स्पर्धा निम्मी झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं की लेख तपासायला माणसं दोनच आहेत आणि त्यांतल्या एकाची परीक्षा तोंडावर आलीय. निकाल लांबतो, लोक कुरकुरतात आणि विकिपीडियावर तीन-तीन ओळींचे बिनसंदर्भाचे लेख उरतात. ते पुढची दोन वर्षं कुणीतरी निस्तरत बसतं.

मराठी विकिपीडियावर हे मी जवळून पाहिलंय. परीक्षक म्हणून त्या पापात वाटाही उचललाय. उझबेक मंडळींना हातभार लावायला गेल्यावर दिसलं की दुखणं तेच आहे. तिथं त्यात दोन लिप्यांचा घोळ, रशियन वळणाची भाषांतरं आणि बक्षिसाचे पैसे पोचवण्याची कटकट यांची भर पडते. मराठीतून मदत करणाऱ्यांना नोंदणी, साधनं, अनुदानाचा अर्ज, हिशेब ही कामं बिनदिक्कत घेता येतात. भाषेचा निर्णय मात्र उझबेक भाषकांचाच. समरकंद-बुखाऱ्याला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना बाजारापुरती उझबेक येते. तेवढ्यावर परीक्षक होता येत नाही.

खालचा क्रम मोडू नका. पहिल्या लेखाच्या दिवसापासून मागं मोजत गेलात, तर तयारीला चौदा आठवडे लागतात. दहा आठवड्यांत उरकता येईल, पण पैसे स्वतःच्या खिशातले असतील तरच.

## टप्पा १: परीक्षक मोजा, मग स्पर्धेचा आकार ठरवा (१४ आठवडे आधी)

आधी कागद-पेन्सिल घ्या. नवख्याचा एक लेख नीट वाचून, दोन-तीन संदर्भ उघडून, मजकुराची चोरी तपासून, चार ओळींचा अभिप्राय लिहायला वीस मिनिटं लागतात. परीक्षक आठवड्याला आठ तास देईल असं धरा. (तो वीस म्हणेल. आठच धरा.) म्हणजे माणशी चोवीस लेख. पाच परीक्षक असतील तर आठवड्याला एकशेवीस. प्रत्येक लेख दोघांनी पाहायचा म्हटलं तर साठ. सहा आठवड्यांच्या स्पर्धेला तुम्ही जास्तीत जास्त ३६० लेख पेलू शकता.

हा आकडा म्हणजे तुमची स्पर्धा. साठ स्पर्धक आले तर प्रत्येकाला सहा लेख. त्याहून जास्त हवे असतील तर परीक्षक वाढवा किंवा आठवडे वाढवा. तपासणीची मिनिटं कमी करण्याचा मोह होईल, तो टाळा.

परीक्षक निवडताना नुसता अनुभव पाहू नका, मंडळात काय काय येतं ते पाहा. सिरिलिकमधली छापील पुस्तकं सराईतपणे वाचणारा एक जण हवाच, कारण १९४० नंतरच्या सोव्हिएत काळातला जवळपास सगळा उझबेक मजकूर त्या लिपीत आहे. रशियन येणारा एक हवा. भाषांतर कुठून उचललंय ते त्याला पहिल्या परिच्छेदात कळतं. ताश्कंदबाहेरचा एक असावा. फर्गाना खोऱ्यातला किंवा ख्वारझमचा माणूस बोलीतले शब्द चुकीचे म्हणून कापत नाही. परीक्षकाने स्पर्धेत भाग घ्यायचा नाही आणि आपल्या विद्यार्थ्याचा किंवा नातलगाचा लेख तपासायचा नाही, हे लेखी घ्या.

दोन राखीव परीक्षकही ठेवा. पाचांतला एक गळतोच.

तपासणी: पुढं जाण्याआधी पाचही जणांना उझबेक विकिपीडियावरचे तेच पाच जुने लेख द्या आणि एकमेकांना न विचारता गुण द्यायला सांगा. एकाच लेखाला कुणी शून्य आणि कुणी पूर्ण गुण दिले असतील तर नियम अजून झालेले नाहीत. ही बैठक दीड तास चालते, भांडणंही होतात. ती आत्ता होऊ देत.

## टप्पा २: समाजाला विचारा (१३ आठवडे आधी)

विकिपीडियाच्या सामाईक चर्चापानावर प्रस्ताव टाका: उद्देश, साधारण तारखा, परीक्षक, किती लेख अपेक्षित आहेत. निदान दहा दिवस थांबा. प्रचालकांना वेगळं विचारा, कारण स्पर्धेच्या काळात पानं वगळणं, सुरक्षित करणं, वाद मिटवणं हे सगळं त्यांच्या अंगावर येणार आहे. उझबेक भाषेच्या विकिमीडियन मंडळींचा, म्हणजे विकिपीडिया आणि तिच्या भावंड-प्रकल्पांवर काम करणाऱ्यांचा, सदस्यगट आहे, त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढं जाऊ नका. विकिस्तिपेन्दिया नावाची मोठी लेखनमोहीमही या विकिपीडियावर होऊन गेली आहे. तिचे नियम आणि त्यावरच्या तक्रारी वाचा. तक्रारी जास्त मन लावून वाचा.

थांबा: चर्चापानावर कुणीच बोललं नाही तर ती संमती धरू नका. तीन-चार जुन्या संपादकांना त्यांच्या चर्चापानावर जाऊन आदराने विचारा. उझबेकमध्येही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. वडीलधाऱ्याला ‘अका’ म्हणजे दादा, ‘ओपा’ म्हणजे ताई. रांगड्या मैत्रीच्या सुरात केलेली विनंती तिथं उद्धट वाटते, पुण्यात वाटते तशीच.

## टप्पा ३: लिपीचं घोडं आधी आवरा (१२ ते १० आठवडे आधी)

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. बाहेरून मदतीला येणारा माणूस नेमकं हेच विसरतो.

उझबेकिस्तानने १९९३ साली लॅटिन लिपी स्वीकारली, १९९५ साली तिच्यात फेरफार केले. सिरिलिक मात्र गेलेली नाही. वर्तमानपत्रांत, पाट्यांवर, चाळिशीपुढच्या माणसांच्या हातात ती अजून आहे. अफगाणिस्तानातले उझबेक अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. उझबेक विकिपीडियावर लॅटिन आणि सिरिलिक यांच्यात मजकूर बदलून दाखवणारी सोय आहे. त्यामुळे नवख्याला वाटतं की कशातही लिहिलं तरी चालेल, आणि एकाच लेखात दोन्ही लिप्या मिसळून बसतात.

म्हणून नियम असा ठेवा: स्पर्धेचे लेख लॅटिनमध्ये, संदर्भातली पुस्तकांची नावं मूळ लिपीत. अफगाणिस्तानातून कुणी लिहिणार असेल तर त्याच्या जोडीला लॅटिन येणारा एक साथीदार द्या. हा माणूस दाराबाहेर राहू नये.

आता खरी मेख. उझबेक लॅटिनमध्ये ‘ओ’ आणि ‘ग’ या दोन अक्षरांशेजारी वर एक छोटी उलटी स्वल्पविरामासारखी खूण येते. त्याशिवाय ‘तुतुक बेल्गिसी’ नावाची दुसरी एक खूण आहे. ती दिसायला जवळपास तशीच, पण तोंड दुसरीकडे. युनिकोडमध्ये पहिलीचा क्रमांक ०२बीबी, दुसरीचा ०२बीसी. लोकांच्या कीबोर्डवर दोन्ही नसतात, म्हणून कुणी साधं उभं अवतरणचिन्ह टाकतं, कुणी वाकडं, कुणी काहीच टाकत नाही. परिणाम दोन. एक, अर्थ बदलतो. खुणेशिवायच्या ‘ओत’चा अर्थ घोडा, खुणेसह गवत. (उच्चारही वेगळे, पहिला आपल्या ‘ऑ’कडे झुकतो.) खूण पडली की गवताचा घोडा होतो. दोन, एकाच विषयावर चार शीर्षकांचे चार लेख तयार होतात, कारण संगणकाला ती चार वेगळी नावं वाटतात.

आपल्याला हे परकं वाटायला नको. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो, डोळ्यांना सारखा दिसतो आणि शोध मात्र एकच सापडवतो.

काय करायचं:

1. स्पर्धेच्या पानावर अगदी वर दोन्ही योग्य खुणा मोठ्या अक्षरांत द्या, ‘इथून उचला आणि चिकटवा’ असं लिहून. संपादनखिडकीखालच्या विशेष अक्षरांत त्या कुठं सापडतात त्याचं चित्रही लावा.
2. मोबाइलवर कोणता कीबोर्ड घ्यायचा ते सांगा. बरेच स्पर्धक फोनवरूनच लिहिणार आहेत.
3. नवीन लेख सुरू करण्याआधी शीर्षक तिन्ही-चारी प्रकारांनी शोधायचं, शिवाय सिरिलिकमध्येही. हे नियमांत घाला.
4. बॉट, म्हणजे आपोआप संपादनं करणारा प्रोग्रॅम, चालवणारा एक जण धरा. रोज रात्री नव्या लेखांतल्या चुकीच्या खुणा त्याने दुरुस्त कराव्यात. यासाठी कुणाचे गुण कापू नका; कीबोर्डची शिक्षा माणसाला कशाला?

तपासणी: स्वतः एक नवीन खातं काढा, साध्या फोनवरून दहा ओळींचा लेख लिहून बघा. खुणा कुठून घ्यायच्या हे पाच मिनिटांत सापडलं नाही तर पान पुन्हा लिहा.

## टप्पा ४: विषययादी (१० आठवडे आधी)

सोपा मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे: वीस-पंचवीस भाषांत असलेले पण उझबेकमध्ये नसलेले लेख शोधायचे आणि ती यादी लटकवायची. पेटस्कॅन या याद्या काढणाऱ्या साधनावर अर्ध्या तासात होते. पण अशी यादी म्हणजे भाषांतराचं आमंत्रण. आठवड्याभरात रशियनमधून यंत्राने उलटवलेल्या लेखांचा ढीग पडतो.

निम्मी यादी तरी अशा विषयांची असू दे, ज्यांच्यावर उझबेक माणूसच चांगलं लिहू शकतो. रिश्तानची मातीची भांडी, मार्गिलानचं रेशीम, चुस्तचे चाकू, बुखाऱ्याची सुझानी भरतकामं, शशमकाम गायकी, अस्किया नावाची हजरजबाबी विनोदाची जुगलबंदी, बायसूनचे लोकविधी, अरल समुद्राकाठची गावं, जिल्हे, नद्या, पाटबंधारे. विषय नवाच असायला हवा असंही नाही. उझबेक विकिपीडियावरचे अनेक लेख बारा खंडांच्या उझबेकिस्तान राष्ट्रीय ज्ञानकोशातल्या नोंदींवर बेतलेले आहेत. ते आटोपशीर आहेत, त्यांतली आकडेवारी जुनी झालीय. अशा लेखांचा विस्तार हे नव्या लेखाइतकंच मोलाचं काम आहे. ‘फक्त नवे लेख’ असा नियम केलात तर ते कुणीच करणार नाही.

यादीतल्या प्रत्येक विषयापुढं निदान दोन भरवशाचे संदर्भ लिहून ठेवा. संदर्भ सापडत नसतील तर विषय काढून टाका. हे कंटाळवाणं काम आहे. शंभर विषयांना दोन माणसं दोन आठवडे बसतात. पण इथं घातलेला एक तास परीक्षणात पाच तास वाचवतो. कायदे-निर्णयांसाठी तिथलं लेक्स डॉट यूझेड हे विधिसंकेतस्थळ, आकडेवारीसाठी सांख्यिकी खात्याची प्रकाशनं, पुस्तकांसाठी ताश्कंदचं अलीशेर नवाई राष्ट्रीय ग्रंथालय, ही सुरुवातीची ठिकाणं.

मराठी मदतनिसाला इथं खरं काम आहे. अंदिजानात जन्मलेला बाबर, ख्वारझमहून आलेला आणि भारतावर ग्रंथ लिहिणारा अल बिरुनी, जानेवारी १९६६ चा ताश्कंद करार आणि दुसऱ्याच दिवशी तिथं झालेला लालबहादूर शास्त्रींचा मृत्यू. या विषयांवरचे भारतीय संदर्भ उझबेक लेखकाला मिळवून द्या. जोडीला तोच लेख मराठीत सुधारून घ्या.

## टप्पा ५: नियम (९ आठवडे आधी)

एका पानात मावतील एवढेच. वाद होतात ते पुढच्या सहा कलमांवरून.

लांबी. बाइटमध्ये मोजू नका, शब्दांत मोजा. मराठी स्पर्धेचा नियम उचलून इथं चिकटवला की गडबड झालीच. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, सिरिलिकचं दोन, साधं लॅटिन अक्षर एक. म्हणजे तीन हजार बाइटची अट मराठीत जेमतेम हजार चिन्हांची, सिरिलिक उझबेकमध्ये दीड हजारांच्या आसपास आणि लॅटिन उझबेकमध्ये जवळजवळ तीन हजारांची होते. लिपीचा नियम सैल झाला तर एकाच स्पर्धेत सिरिलिकवाल्याला निम्म्या कामात पास करणं कुणाला मान्य होईल? निदान ३०० शब्द ठेवा आणि ते वाचायच्या मजकुराचे, म्हणजे माहितीचौकट, तक्ते आणि संदर्भयादी सोडून.

गुण. लांबीला जादा गुण देऊ नका. नाकारला शून्य, चालेल एक, चांगला दोन, उत्तम चार. ‘चांगला’ आणि ‘उत्तम’ यांत दुपटीचं अंतर मुद्दाम आहे. चार किरकोळ लेखांपेक्षा एक उत्तम लिहावासा वाटला पाहिजे.

रांगेची मर्यादा. एका स्पर्धकाचे तीन लेख तपासणीविना पडून असतील तर त्याला चौथा देता येणार नाही. हा एकच नियम पाळलात तरी शेवटच्या रात्रीचा पूर ओसरतो.

भाषांतर. चालेल, पण मूळ लेखाचा दुवा संपादनाच्या सारांशात हवा. विकिपीडियाचा परवाना श्रेय मागतोच. विकिपीडियाचं स्वतःचं भाषांतराचं साधन वापरलं तर ही नोंद आपोआप होते. मूळ लेखातले संदर्भ भाषांतरकाराने स्वतः उघडून पाहिलेले असावेत.

यंत्राने लिहिलेला मजकूर. संभाषणी यंत्राकडून (चॅटबॉटकडून) अख्खा लेख लिहवून घेतला आणि त्यातलं एक जरी पुस्तक अस्तित्वात नसलेलं निघालं, तर लेख बाद. दुसऱ्यांदा घडलं तर स्पर्धक बाद. हे आधी लिहिलेलं नसेल तर नंतर अंमलात आणता येत नाही.

चरित्रं. हयात अधिकारी, कुलगुरू, गावचे उद्योजक यांच्यावरचे लेख स्पर्धेबाहेर ठेवा. संस्था सहभागी झाली की पहिल्या आठवड्यात तिच्या प्रमुखांचं चरित्र येतंच, तिथंही आणि आपल्याकडंही.

थांबा: स्पर्धा सुरू झाल्यावर नियम बदलायचे नाहीत. चूक सापडली तर खुलासा जोडा आणि तो आधीच्या लेखांना लावू नका.

## टप्पा ६: तारखा आणि घड्याळ (८ आठवडे आधी)

२१ मार्चला नवरोज. त्याच दिवशी मध्य व पूर्व युरोपाची सीईई स्प्रिंग स्पर्धा सुरू होते आणि ३१ मेपर्यंत चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्त्रीवाद आणि लोकसाहित्याची स्पर्धा, नोव्हेंबरात विकिपीडिया आशियाई महिना. तेच लेखक, तेच परीक्षक. जानेवारी आणि जून परीक्षांचे. माझ्या मते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचे सहा आठवडे बरे. २१ ऑक्टोबरला उझबेक भाषा दिन येतो, तेव्हा थंडावलेली स्पर्धा पुन्हा तापवायला निमित्तही मिळतं. आपण २७ फेब्रुवारीला जे करतो ते.

घड्याळाची चूक क्षुल्लक वाटते, पण निकालाच्या दिवशी हीच चावते. ताश्कंद जागतिक वेळेच्या पाच तास पुढं आहे, भारत साडेपाच. विकिपीडियावर पानाचा संपादन-इतिहास जागतिक वेळेत नोंदला जातो. ताश्कंदला १६ तारखेच्या पहाटे तीनला लिहिलेला लेख नोंदीत १५ तारखेचा दिसतो, आणि लेख जमा करून घेणारं साधन त्याला ‘स्पर्धेआधीचा’ म्हणून ढकलून देतं. नियमांत स्पष्ट लिहा: सुरुवात आणि शेवट ताश्कंदच्या वेळेने, साधनात त्याच वेळा जागतिक वेळेत बदलून भरा. ताश्कंदची रात्रीची १२ म्हणजे जागतिक ७ संध्याकाळचे. तुम्ही पुण्यातून हे सांभाळणार असाल तर तुमच्याकडे साडेबारा वाजलेले असतील.

## टप्पा ७: पैसे (अर्ज १२ आठवडे आधी, बाकी आत्ता)

अनुदान हवं असेल तर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा रॅपिड फंड छोट्या कामांसाठी आहे, ५०० ते ५,००० डॉलरचा. समाजाची संमती आणि परीक्षकांची नावं हाताशी असल्याशिवाय अर्ज करू नका, म्हणूनच तो टप्पा १ आणि २ नंतर येतो.

एक मोठं बक्षीस ठेवण्यापेक्षा दहा मध्यम ठेवा. लॅपटॉपसाठी तीन माणसं झुंजतात आणि बाकीचे सत्तावन्न दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात. पुस्तकं, इंटरनेटचा खर्च, पहिल्या मान्य लेखाला छोटी भेट. परदेशी दुकानांची भेटपत्रं तिथं बहुधा निरुपयोगी. पैसे द्यायचेच तर सोम या तिथल्या चलनात, उझकार्ड किंवा हुमो या तिथल्या बँक कार्डावर. पेमी आणि क्लिक ही ॲप सर्रास चालतात. करकपात कुणाच्या माथी, हे स्थानिक हिशेबनिसाला आधी विचारा.

ओश, मॉस्को, इस्तंबूल, मजार-ए-शरीफ इथले उझबेकही जिंकू शकतात. त्यांना पैसे कसे पोचणार हे ठरलेलं नसेल, तर नियमांत ‘उझबेकिस्तानाबाहेरच्या विजेत्यांना पुस्तकं’ असं प्रामाणिकपणे लिहा. अल्पवयीन विजेत्यासाठी पालकाची लेखी संमती आणि पालकाचं कार्ड.

थांबा: नोंदणीच्या अर्जात पारपत्राचा किंवा ओळख क्रमांक मागू नका. तो फक्त विजेत्यांकडून, शेवटी, एकाच व्यक्तीने घ्यायचा.

## टप्पा ८: साधनं आणि रंगीत तालीम (५ ते ३ आठवडे आधी)

लेख जमा करायला आणि गुण द्यायला फाउंटन हे साधन सोयीचं. डॅशबोर्ड संपादनं मोजतो, गुणवत्ता नाही; तो अहवालासाठी ठेवा. दोन्हींवर विसंबून न राहता विकिपीडियावरच एक साधा तक्ताही ठेवा, स्वयंसेवी साधनं ऐन वेळी बसतात.

एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती काढता येतात. विद्यापीठाच्या संगणककक्षात तीस मुलं एकदम बसली की सातव्यापासून सगळी अडकतात आणि कार्यशाळेचा पहिला तास वाया जातो. उपाय तीन: मुलांना आदल्या दिवशी घरून खातं काढायला सांगा, खातेनिर्माणाचा अधिकार असलेला संपादक हजर ठेवा, किंवा त्या जोडणीसाठी आधीच सूट मागा. व्हीपीएन वापरणाऱ्यांना बहुधा संपादनच करू दिलं जात नाही, हेही बजावून सांगा.

रंगीत तालीम दोन दिवसांची: पाच मित्र, दहा लेख, खरे परीक्षक, खरे गुण, खोटी बक्षिसं. जे मोडायचं ते इथं मोडू दे.

## टप्पा ९: आता पोस्टर (२ आठवडे आधी)

टेलिग्रामवरच. आपल्या व्हॉट्सॲपच्या सवयीने गट काढून वाट बघत बसू नका, तिथं माणसं टेलिग्रामवर आहेत. एक घोषणांची वाहिनी, एक प्रश्नांचा गट, दोन्ही वेगळे. पोस्टरवर बक्षिसापेक्षा मोठ्या अक्षरांत नियमांच्या पानाचा पत्ता.

विद्यापीठाने ‘आमची दोनशे मुलं बसवतो’ असं सांगितलं तर नम्रपणे वीस मागा. सक्तीने आलेला विद्यार्थी चिकटवाचिकटवीच करतो, त्यात त्याचाही दोष नाही.

पहिली कार्यशाळा सुरुवातीच्या तीन दिवसांत घ्या. विषय तीनच: खुणा कशा टंकायच्या, संदर्भ कसा द्यायचा, चोरी म्हणजे काय. विकिपीडियाचा इतिहास सांगणारी स्लाइड काढून टाका.

## टप्पा १०: परीक्षण, रोजच्या रोज

पहिला आठवडा निर्णायक. पहिला लेख दिल्यापासून ४८ तासांत स्पर्धकाला उत्तर मिळालं पाहिजे. मिळालं तर तो दुसरा लेख सुधारून लिहितो, नाही तर तीच चूक पाच लेखांत करतो आणि मग सगळे नाकारले की रुसतो.

प्रत्येक लेख याच क्रमाने पाहा:

1. याच विषयावर दुसऱ्या शीर्षकाचा लेख आहे का? खुणा बदलून शोधा.
2. दोन संदर्भ प्रत्यक्ष उघडा. पुस्तक असेल तर ग्रंथालयाच्या सूचीत आहे का ते पाहा.
3. चोरी. इअरविग नावाचं नक्कल शोधणारं साधन लॅटिन मजकूर लॅटिनशीच ताडतं. सिरिलिक वर्तमानपत्रातला लेख लिपी बदलून चिकटवला असेल तर ते काहीच पकडत नाही आणि हिरवा कौल देतं. संशयास्पद दोन वाक्यं सिरिलिकमध्ये उलटवून शोधा. मिनिटाचं काम आहे.
4. भाषा मोठ्याने वाचा. उझबेकमध्ये क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, प्रत्यय शब्दाला चिकटत जातात. रशियन साच्यात बसवलेलं वाक्य कानाला लगेच खटकतं, हिंदी जाहिरातीचं मराठी खटकतं तसं. ओळखीचे दिसणारे शब्दही फसवतात: ‘तारिख’ म्हणजे तिथं इतिहास, दिनांक नव्हे. मराठी मदतनिसाने शीर्षकावरून विषय ताडायला जाऊ नये, मी गेलोय.
5. वर्ग, विकिडेटाची (म्हणजे इतर भाषांतल्या त्याच लेखाशी) जोडणी, चित्र.

अभिप्राय चार ओळींचा, पहिली ओळ काय चांगलं आहे त्याची. ‘संदर्भ कमी’ असं लिहू नका. ‘दुसऱ्या परिच्छेदातल्या लोकसंख्येला संदर्भ द्या’ असं लिहा. दुरुस्तीला तीन दिवस, एकदाच.

एकाच वसतिगृहातून दोन खाती दिसली म्हणून ती एकाच माणसाची ठरत नाहीत. संशय पक्का असेल तर पुरावा जमवून मेटाविकी या सगळ्या विकिपीडियांच्या सामाईक संकेतस्थळावर स्टुअर्डकडे, म्हणजे वरचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकांकडे, तपासणी मागा, टेलिग्रामवर नाव घेऊन आरोप करू नका.

तपासणी, दर रविवारी: न तपासलेले लेख किती? आठवड्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाले असतील तर राखीव परीक्षकांना त्याच दिवशी बोलवा. पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहिली की गाडी रुळावर येत नाही.

## टप्पा ११: निकाल आणि नंतरचे दोन आठवडे

शेवटच्या दिवसानंतर सात दिवसांत तात्पुरता निकाल, गुणांच्या पूर्ण तक्त्यासह. पाच दिवस हरकतींना. हरकत आलेला लेख आधीच्या दोघांना न देता तिसऱ्या परीक्षकाला द्या. मग अंतिम निकाल, आणि पैसे त्याच महिन्यात.

नाकारलेल्या लेखांची यादी प्रचालकांकडे सोपवा, तीन खान्यांत: वगळायचे, दुसऱ्या लेखात मिसळायचे, थोड्या दुरुस्तीने वाचणारे. तिसऱ्या खान्यासाठी परीक्षकांनी एक शनिवार राखून ठेवावा. जे स्पर्धक बक्षिसाविना राहिले पण दोन-तीन चांगले लेख देऊन गेले, त्यांना त्यांच्या चर्चापानावर नाव घेऊन लिहा आणि पुढचा एक ठरावीक विषय सुचवा. ‘लिहीत राहा’ एवढ्यावर कुणी परत येत नाही.

विजेत्यांचे कार्ड क्रमांक आणि पालकांच्या संमतीपत्रांची माहिती हिशेब मंजूर होईपर्यंत एकाच व्यक्तीकडे, कुलूपबंद. हिशेब मंजूर झाला की नोंदणीचा तक्ता, त्याच्या प्रती आणि टेलिग्रामवर कुणी चुकून पाठवलेले ओळखपत्रांचे फोटो पुसून टाका, आणि पुसल्याचं परीक्षक मंडळाला कळवा.